‘रेड अलर्ट’ नेमका कुणाला?



मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर आपण ठळक मथळा छापलात, ‘पुण्याला रेड अलर्ट’. खाली पाण्यातून स्कूटर ढकलणाऱ्या माणसाचा फोटो, तोही जुना. हवामान खात्याचा त्या दिवशीचा तक्ता मी मुद्दाम पाहिला. लाल रंग होता ‘पुणे घाट’ या ओळीत. शहराच्या ओळीत पिवळा होता. म्हणजे लाल इशारा होता मुळशी, मावळ, भोरच्या डोंगरपट्ट्याला, आणि आपण तो कोथरूड-हडपसरच्या दारात आणून ठेवलात. ‘घाट’ हा दोन अक्षरी शब्द मथळ्यात मावला नाही, की तो घातला असता तर मथळ्यातली हवा गेली असती?

त्या दुपारी शहरात चक्क ऊन पडलं. संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर हवामान खात्याची यथेच्छ टर उडवली गेली. खात्याचं काय चुकलं होतं? मुळशीत पाऊस कोसळतच होता. चुकलं होतं आपल्या मथळ्याचं, आणि शिव्या खाल्ल्या वेधशाळेने. पुढच्या वेळी खरोखर शहरावर लाल रंग येईल तेव्हा याच कट्ट्यावरचे लोक छत्रीसुद्धा न घेता बाहेर पडतील.

माझी तक्रार इंग्रजी शब्दाबद्दल नाही. मराठीच्या कैवाऱ्यांनी लगेच ‘इशारा म्हणा, इशारा’ अशी पत्रं पाठवू नयेत. खुशाल अलर्ट म्हणा, पण ज्या अर्थाचा आहे त्या अर्थाने म्हणा. हवामान खात्याचे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. गंमत अशी की खात्याच्या मूळ तक्त्यात अलर्ट हा शब्द नारिंगीसमोर आहे. लालसमोर ‘वॉर्निंग’ आहे आणि पिवळ्यासमोर ‘वॉच’. पण आपल्याकडे पिवळाही अलर्ट, नारिंगीही अलर्ट, लालही अलर्ट. वर वाहिन्यांचा ‘हाय अलर्ट’ वेगळाच, त्याला तर रंगही नाही. तीन वेगवेगळ्या सूचनांचा एकच गोळा करून वाचकाच्या हाती दिला आणि सांगितलं, घाबरा.

इंग्रजीत अलर्ट आणि अलार्म हे दोन वेगळे शब्द आहेत. दोन्ही मूळचे इटलीतल्या सैनिकी आरोळ्या. एकीचा अर्थ साधारण ‘उंचावर उभे राहा, नजर ठेवा’, दुसरीचा ‘शस्त्रं उचला’. अलर्ट सावधपणापाशी थांबला. अलार्म मात्र पुढे घसरला, म्हणजे वाजणारी घंटाही अलार्म आणि ती ऐकून उडणारी घाबरगुंडीही अलार्म. उगाच घबराट पसरवणाऱ्याला इंग्रज ‘अलार्मिस्ट’ म्हणतात ते काही कौतुकाने नव्हे. आपल्याकडे अलार्म घड्याळातून आला आणि आपण त्याला गजर म्हणून मोकळे झालो. ज्या शब्दाला टाळ-मृदंगाची साथ त्याला कोण भिणार? म्हणून भीतीचं सगळं सामान अलर्टच्या डोक्यावर चढवलं गेलं. आपलं वर्तमानपत्र छापतं अलर्ट, पण त्याला म्हणायचं असतं अलार्म. सोबतच्या ‘कहर’, ‘थैमान’, ‘धडकी’ या नेहमीच्या मंडळींवरूनच ते कळतं.

कुणी म्हणेल, अहो, घाटातला पाऊस शेवटी शहरातच उतरतो. अगदी खरं. २५ जुलै २०२४ ला तेच झालं. ताम्हिणीत चोवीस तासांत ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि शिवाजीनगरला ११४ च्या आसपास. सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पहाटे पाणी शिरलं ते आभाळातून नव्हे, मुठेतून. खडकवासल्यातून विसर्ग वाढवत ३५ हजार क्युसेकच्या घरात नेला होता. रहिवाशांचं म्हणणं एकच होतं, आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं नाही. त्या लोकांना रंग नको होता. किती क्युसेक, किती वाजता, आणि त्यामुळे कुठल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी येणार, एवढंच हवं होतं. गाड्या वर काढायच्या, म्हाताऱ्या माणसांना पहिल्या मजल्यावर न्यायचं, मीटरचा मेन स्विच बंद करायचा, याला तासाभराची सूचना पुरते. ती आपण कुठल्या पानावर छापता? विसर्गाचे आकडे आतल्या पानात, लग्नाच्या जाहिरातींच्या शेजारी, आणि तेही कालचे!

जिल्हा हे मापच मुळात चुकीचं आहे. रायगड जिल्हा म्हणजे उरणही आणि पोलादपूरही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कुलाब्याला ७३ च पडला होता, एकाच शहरात. तिथे ‘मुंबईला अलर्ट’ या दोन शब्दांनी कुणाला काय कळणार? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती असं नंतर सरकारने सांगितलं. ज्या गावाचं नाव यादीत नाही त्याच्यासाठी जिल्हाभर पसरलेला लाल रंग असला काय नि नसला काय.

लांडगा आला रे आला ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्या पोराची एक बाजू मात्र घ्यावीशी वाटते. तो खोटं बोलला, पण निदान लांडगा आला असं तरी म्हणाला. आपला मथळा जनावराचं नावसुद्धा सांगत नाही.

वाहिन्यांबद्दल लिहायला बसलो तर हे पत्र पुरणार नाही. मे २०२५ मध्ये ७ तारखेला नागरी संरक्षणाची तालीम झाली, देशभर भोंगे वाजले. त्यानंतर सीमेवर खरोखर चकमकी सुरू असताना स्टुडिओत बसलेल्या निवेदकांनी तोच हवाई हल्ल्याचा भोंगा बातम्यांच्या मागे पार्श्वसंगीतासारखा वाजवला. अखेर केंद्र सरकारला १० मे रोजी लेखी सूचना काढावी लागली की हा आवाज जनजागृतीच्या कार्यक्रमांखेरीज वापरू नका, नाही तर लोकांना त्याची सवय होईल आणि खऱ्या वेळी कुणी हलणार नाही. ही सूचना भोंग्याला लागू होते आणि शब्दाला होत नाही, असं का? संपादकांनी हे स्वतःहून करायला हवं. पिवळा असेल तर पहिल्या पानावर घेऊ नका. लाल असेल तर मथळ्यातच तालुका टाका. खाली धरणाचा विसर्ग आणि त्याची वेळ छापा. याला जागा लागते ती त्या स्कूटरवाल्याच्या फोटोएवढीच.

जाता जाता आणखी एक. आमच्या अकरा मजली इमारतीत आगीची सूचना देणारी घंटा आहे. ती अधूनमधून विनाकारण वाजायची, म्हणून व्यवस्थापन समितीने दुरुस्त करून घेण्याऐवजी बंद करून टाकली. पॅनेलवर आता एक लाल दिवा सतत लुकलुकत असतो आणि वॉचमन त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘काका, आपल्याकडे कधी आग लागली आहे का?’ राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. जानेवारीचं आमचं वेळेवर गेलं, सही-शिक्क्यासकट. यंत्रणा उत्तम स्थितीत असल्याचं त्यात नमूद आहे. जुलैचंही तसंच जाईल. अग्निशमन दलाने असे कागद फायलीला लावण्याआधी दहातल्या एका इमारतीत तरी माणूस पाठवून घंटेचं बटण दाबून पाहावं, आणि त्यात काय सापडलं ते आपण पहिल्या पानावर छापावं. त्या मथळ्यात अलर्ट शब्द घातलात तरी माझी हरकत नाही.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे