निर्लेखनाआधी एक तास

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही माध्यमिक शाळेची संगणक खोली उघडून बघा. दारावर ‘चपला बाहेर काढा’ची पाटी, आत प्लॅस्टिकच्या टोप्या घातलेले मॉनिटर, आणि कोपऱ्यात एकावर एक रचलेले चार-पाच सीपीयू. त्यांना काय झालंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “अपडेटच होत नाही सर. कंडम झालेत.” मग एखाद्या सभेत निर्लेखनाचा ठराव होतो, डेडस्टॉक रजिस्टरात रेघ पडते आणि टेम्पो येतो. तो टेम्पो यायच्या आत हा लेख हेडसरांच्या हाती पडावा, एवढ्यासाठी ही धडपड.

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर कोपऱ्यातला हा ढीग वाढणार हे उघड होतं. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे मोफत सुरक्षा-अपडेट थांबवले. विंडोज ११ वर जायचं तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, सिक्युअर बूट हवं. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. लोकवर्गणीतून, आमदार फंडातून, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आलेले आपल्याकडचे कितीतरी संगणक त्याच्या आधीचे. यंत्र धडधाकट आहे, मुलं त्यावर शिकू शकतात, पण कंपनीच्या यादीत नाव नाही म्हणून ते भंगार ठरतंय.

‘अपडेट होत नाही’ ही तक्रार झाली, निदान झालं नाही. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला आपण थेट स्मशानात नेत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच चाललंय. माझी मागणी साधी आहे: ठरावावर सही करण्याआधी प्रत्येक संगणकाला एक तास द्या.

त्या तासाची सुरुवात स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेपासून करा. संगणक दर वेळी २०१२ नाहीतर २०१५ साल दाखवत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, संपली असं समजा. आपला संगणक अपडेटच्या सर्व्हरची ओळख डिजिटल प्रमाणपत्रावरून पटवतो, आणि त्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. घड्याळच दहा वर्षं मागे असलं, तर ती मुदत अजून सुरूच झालेली नाही असं संगणकाला वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. पाहणारा म्हणतो, नेट खराब आहे. खरं तर वायर काढायची, कॅबिनेटचे दोन स्क्रू सोडवायचे, बॅटरीच्या कडेची खिटी नखानं मागे सारायची, जुनी उडी मारून वर येते. नवी बसवताना ‘प्लस’ची बाजू वर. घड्याळाच्या दुकानात ती सहज मिळते. बायॉसमध्ये तारीख लावली की कित्येक मढी उठून बसतात.

तारीख बरोबर असेल तर सी ड्राइव्ह बघा. एररच्या शेवटी ८००७००७० असा आकडा आला, तर त्याचा अर्थ एवढाच की जागा नाही. मोठ्या अपडेटला वीसेक जीबी मोकळी लागते, आणि डेस्कटॉपवर पाच वर्षांच्या स्नेहसंमेलनांचं शूटिंग पडलेलं असतं. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

काही वेळा दोष यंत्राचा नसतोच. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेला एक सुरक्षा-अपडेट जगभरच्या संगणकांवर अडला, आकडा ८००७०६४३. कारण असं, की त्या अपडेटला डिस्कवरच्या रिकव्हरी विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती, आणि जुन्या संगणकांवर तो विभाग बनवतानाच छोटा ठेवलेला. लोक महिनोन्‌महिने ‘रिट्राय’ दाबत बसले. त्या वैतागात चांगल्या यंत्रांनाही कंडमचा शिक्का बसला असणार.

आपल्याकडचं खास दुखणं विजेचं. अपडेट साठ टक्क्यांवर, लाइट गेली, आणि यूपीएसची बॅटरी तर केव्हाच संपलेली. फायली अर्धवट राहतात, पुढचे सगळे अपडेट त्याच जागी ठेचकाळतात. यावर उपाय विंडोजमध्येच आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ‘डिझम’ची दुरुस्ती चालवायची, मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’. तेवढ्यानं भागलं नाही तर अपडेटची सर्व्हिस थांबवून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरचं नाव बदलायचं. विंडोज तो नव्यानं तयार करतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू असेल तर बहुतेक अपडेट उतरतच नाहीत, तेही तपासा. नेट फारच रडत असेल तर साताऱ्यात नाहीतर सांगलीत चांगल्या नेटवर विंडोज इन्स्टॉलेशनची फाइल एकदाच आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि तोच पेनड्राइव्ह दहा गावांत फिरवा.

आणि हार्ड डिस्क. तिची तब्येत दाखवणारं ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ मोफत मिळतं. तिथं पिवळा किंवा लाल रंग दिसला तर आधी माहिती दुसरीकडे काढा, बाकीचं नंतर. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की जुना आय-थ्री सुद्धा झटकन उघडतो. खर्च करायचाच असेल तर इथं करा.

एवढं सगळं करूनही विंडोज ११ चा अडसर राहतोच. त्यातही आधी खात्री करा: काही संगणकांत टीपीएम असतं, फक्त बायॉसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते ‘पीटीटी’ नावानं सापडतं, एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ नावानं. प्रोसेसरच जुना असेल तर अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या क्लृप्त्या आहेत, पण शाळेच्या कार्यालयात त्या वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही, आणि २४एच२ आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारखे जुने प्रोसेसर सुरूसुद्धा होत नाहीत.

मग मार्ग दोन. विंडोज १० वरच राहायचं असेल तर वाढीव मुदतीचे सुरक्षा-अपडेट घ्या. घरगुती संगणकाला, त्यावर २२एच२ आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग जोडलेलं असेल, तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतात. शाळा-कॉलेजांसाठी शैक्षणिक परवान्यावर पहिल्या वर्षी संगणकामागे एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार असा दर कंपनीनं ठेवला आहे. तीन वर्षांचे सात डॉलर! नव्या संगणकाच्या कोटेशनशेजारी हा आकडा लिहून शाळा समितीपुढे ठेवा.

दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, चार जीबी रॅमवर ते नीट चालतं आणि परवान्याला पैसा लागत नाही. ‘आमच्या पोरांना जमणार नाही’ असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मोफत सॉफ्टवेअरवर शिकवताहेत. यू-डायस प्लस, दीक्षा, ई-बालभारती हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, त्याला खाली विंडोज आहे की लिनक्स याचं सोयरसुतक नाही. मराठी युनिकोड टायपिंगही त्यात आहे. अडचण येते ती डिजिटल सहीच्या टोकनची आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांची. म्हणून कार्यालयातला एक संगणक विंडोजवर ठेवावा हे बरं.

शाळेबाहेरही हीच कथा. कराड-विट्याकडच्या छोट्या छापखान्यात पेजमेकर आणि श्रीलिपी अजून लग्नपत्रिका छापतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. गावच्या दूध संकलन केंद्रात फॅट मशीन सिरियल पोर्टला जोडलेलं असतं आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. अशा यंत्रांना अपडेटची सक्ती कशाला? नेटची वायर काढा, बाहेरचे पेनड्राइव्ह लावू नका, महिन्याला माहितीची प्रत घ्या आणि चालू द्या.

आता प्रश्न, हे करायचं कुणी. माणसं आहेत. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी आहे, कराडला शासकीय अभियांत्रिकी आहे, तालुक्या-तालुक्यात आयटीआयचे ‘कोपा’चे वर्ग आहेत, एमएस-सीआयटीची केंद्रं आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात उतरतंच. गावातले रस्ते आणि देवळाचं आवार झाडून झालं की त्यातला एक दिवस शाळेच्या संगणक खोलीला द्या. पोरांच्या हाताला खरं काम मिळेल, बंद यंत्र उघडून बघायची भीती जाईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे ती मूठमूठ धान्याच्या मुष्टिफंडावरही जगवली. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप जलसंधारण स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू श्रमदान करून पहिलं आलं. आपल्या मुलखाला एकत्र येऊन काम करायचं नव्यानं शिकवावं लागत नाही. फक्त यंदा कुदळीच्या जोडीला स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा आहे.

तासाभरानं खरंच मेलेली यंत्रंही निघतील. त्यातले रॅम, पॉवर सप्लाय, कीबोर्ड काढून दुसऱ्यांना लावा. हार्ड डिस्क आधी काढून घ्या. त्यावर मुलांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात. उरलेलं अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या हाती हे सामान देणं त्यात बसत नाही.

हेडसर, मॅडम, सरपंच, ग्रंथपाल, तुम्हा सगळ्यांना विनंती आहे. या शनिवारी दुपारच्या सुट्टीनंतर बंद संगणकांची यादी करा: कुठला प्रोसेसर, किती रॅम, तारीख बरोबर दाखवतो का, एररचा आकडा कुठला. ती यादी जवळच्या आयटीआयला किंवा कॉलेजच्या एनएसएस विभागाला पाठवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांतली जी ग्रामसभा आधी येईल तिच्यापुढे हा विषय ठेवा. आणि तपासणी होईपर्यंत निर्लेखनाच्या ठरावावर सही करू नका.