सिग्नलचा वाद पाचशे रुपयांचाच राहिला पाहिजे
वाशिम जिल्ह्यातील वाहनधारक, नागरिक आणि पोलीस बांधवांसाठी पत्रक

लाल दिवा ओलांडला की नाही, हा वाद खरे तर पाच मिनिटांत मिटावा असा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११९ ने सिग्नल पाळणे बंधनकारक केले आणि कलम १७७ ने दंड ठरवून दिला. पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास १,५०० पर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीआधी हेच आकडे १०० आणि ३०० होते. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू केले. कायद्याच्या लेखी गुन्हा लहान आहे. चौकात मात्र तो लहान राहत नाही. शिट्टी वाजते, गाडी बाजूला घ्यायला लावतात, हँडलवर हात पडतो, चाबी काढून घेतली जाते, ‘लायसन काढ’ असा एकेरी हुकूम येतो. गाडीवाला म्हणतो दिवा पिवळा होता, शिपाई म्हणतो लाल होता. आवाज चढले की दिवा बाजूला राहतो आणि कोण कोणाशी कसे बोलले यावर प्रकरण ठाण्यापर्यंत जाते. माझे म्हणणे एवढेच की हे प्रकरण दिव्यापाशीच थांबले पाहिजे, आणि ते थांबवायची जबाबदारी आधी वर्दीची आहे, कारण अधिकार तिच्या हातात आहेत.

ते अधिकार किती मोठे आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा ओलांडणे कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येतही घातले. त्या कलमाखाली १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. कलम २०२ प्रमाणे गणवेशातील पोलीस आपल्यासमोर घडलेल्या १८४ च्या गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करू शकतो, आणि कलम २०६ प्रमाणे लायसन जप्त करून निलंबनासाठी पाठवू शकतो. चौक तोच, दिवा तोच, माणूसही तोच. पण एक कलम लावले तर पाचशेची पावती आणि दुसरे लावले तर कैदेची भीती. यातले कोणते लावायचे हे त्या क्षणी एकटा माणूस ठरवतो, तोही उन्हात उभा, वाद घालून तापलेला. ‘जी, साहेब’ म्हणणाऱ्याला १७७ आणि ‘पुरावा दाखवा’ म्हणणाऱ्याला १८४, असे एकदाही घडले तर तो दंड सिग्नल तोडल्याचा उरत नाही, तोंड उघडल्याचा होतो. म्हणून १८४ लावताना प्रत्यक्ष धोका कोणाला आणि कसा झाला, हे दोन ओळींत लिहून द्यायला हवे.

आता दिव्याकडे येऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी एका सेकंदात ११ मीटर जाते. पिवळा दिवा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, पुढे मागचा अंगावर न येता थांबायला वीसेक मीटर लागतात. म्हणजे एकूण तीस मीटर. पिवळा लागताना थांबण्याची रेषा वीस मीटरवर असेल तर तो माणूस रेषेआधी थांबूच शकत नाही. तो पिवळ्यावर रेषा ओलांडतो आणि चौकाच्या मधोमध असताना दिवा लाल होतो. पलीकडच्या कोपऱ्यावर उभ्या शिपायाला लाल दिव्याखाली धावणारी गाडी दिसते. दोघेही खरे बोलत असतात. गुन्हा ठरतो तो रेषा ओलांडताना दिवा कोणता होता यावर, आणि नेमके तेच पलीकडच्या कोपऱ्यावरून दिसत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मॅट्स यार्लस्ट्रॉम यांनी हाच हिशेब मांडला. २०१३ मध्ये त्यांच्या पत्नीला सिग्नलच्या कॅमेऱ्याचा दंड आला, तेव्हा त्यांनी पिवळ्या दिव्याची वेळ ठरवण्याचे सूत्रच तपासले आणि वळणाऱ्या गाड्यांना ते कमी वेळ देते असे दाखवले. तिथल्या अभियंता मंडळाने परवान्याशिवाय अभियंतागिरी केली म्हणून त्यांनाच ५०० डॉलरचा दंड केला. ते न्यायालयात गेले, डिसेंबर २०१८ मध्ये जिंकले, आणि २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने त्यांची दुरुस्ती स्वीकारली. त्यांच्यापाशी आकडे होते म्हणून ते टिकले. आपल्याकडे पिवळा दिवा किती सेकंदांचा आहे हे चौकात कुठे लिहिलेले तरी असते का?

वाशिम जिल्ह्याच्या माणसाला हे जास्त झोंबते, त्याला कारण आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. दवाखाना, शिक्षण, न्यायालय यासाठी इथल्या माणसाला अकोला, अमरावती, नागपूर गाठावेच लागते. तिथल्या सिग्नलवर एमएच-३७ पासिंगची गाडी पाटी वाचताक्षणी बाहेरची ठरते, आणि बाहेरच्या माणसाला तारखेला परत येणे परवडत नाही हे सगळ्यांना कळते. रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्यातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. पाचशेचा दंड म्हणजे दीड दिवसाहून जास्त मजुरी, आणि दाद मागायला गेलो तर तिकीट आणि बुडालेला दिवस वेगळाच. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आणला. त्यात प्रमाणित यंत्राने केलेली नोंद, १५ दिवसांत नोटीस, चलान निकाली निघेपर्यंत पुरावा जपणे, कॅमेरा असल्याची पाटी, अंगावरचे कॅमेरे, सगळे आहे. पण मोठ्या चौकांवर यंत्रे बसवण्यासाठी जोडलेल्या १३२ शहरांच्या यादीत अकोला आहे, अमरावती आहे, वाशिम नाही. दंडाचे दर मात्र वाशिमला तेच लागू आहेत. दंड सारखा असेल तर पुराव्याची सोयही सारखी हवी.

आणि मग येते ते ‘३५३’. शासकीय कामात अडथळा म्हणून महाराष्ट्रात हा आकडा खेड्यातल्या पोरालाही पाठ आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत कलम १३२ झाला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण कलमाचे शब्द नीट वाचा, त्यात हल्ला किंवा फौजदारी बलप्रयोग लागतो. प्रश्न विचारणे, नाव विचारणे, पुरावा मागणे, तक्रार करीन म्हणणे यांतले काहीही हल्ला नाही. बेंगळुरूच्या एका दाम्पत्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका निरीक्षकाच्या वागणुकीची तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर ३५३ चा गुन्हा नोंदवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये तो रद्द केला. दुसरी बाजूही आपल्याच विभागात आहे. मार्च २०१२ मध्ये अमरावतीत एकेरी मार्गावर आमदार यशोमती ठाकूर यांची गाडी अडवण्यावरून वाहतूक पोलिसाशी वाद झाला. मारहाणीच्या आरोपावर अमरावतीच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये, त्या मंत्री असताना, तीन महिन्यांची शिक्षा सुनावली आणि त्या उच्च न्यायालयात गेल्या. काही मिनिटांत जे घडले त्यावर पहिला निकाल यायला साडेआठ वर्षे लागली. तक्रारदार शिपायानेही ती साडेआठ वर्षे काढलीच. त्याच्या खिशावर कॅमेरा असता तर?

यावर पहिला आक्षेप येईल की रस्त्यावर माणसे मरतात आणि तुम्ही सिग्नल तोडणाऱ्यांची वकिली करता. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली, हा आकडा झोप उडवणारा आहे. पण हा आकडा देणाऱ्या सरकारी अहवालातच सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत आणि लाल दिवा तोडण्याच्या नावावर एक टक्क्याहून कमी. ज्याने सिग्नल तोडला त्याने दंड भरलाच पाहिजे, यात मला तिळमात्र शंका नाही. दंडाची खात्री हवी, आणि ती पुराव्याने येते, दरडावण्याने येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत कर्तव्यावरचे वाहतूक हवालदार विलास शिंदे यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचा जीव गेला; हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन मुलाला अडवले एवढेच त्यांनी केले होते. पोलिसावर हात उचलणाऱ्याला कायद्याने सोडू नये. चौकात एकट्या उभ्या शिपायाला कॅमेऱ्यासारखा दुसरा साक्षीदार मिळणार नाही, म्हणून ही मागणी त्याच्याही बाजूची आहे.

दुसरा आक्षेप घराघरात ऐकू येतो : ‘पाचशे द्या आणि सुटा, कशाला डोक्याला ताप?’ या शहाणपणावरच चिरीमिरी पोसली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २००खालची तडजोड ऐच्छिक आहे. गुन्हा मान्य नसेल तर जागेवर पैसे न भरता न्यायालयात जाता येते, आणि जागेवर भरायचे तर राजपत्रात अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडेच, पावती घेऊनच. कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलिसाला लायसन दाखवणे आपले कर्तव्य आहे. ते डिजिलॉकरमध्ये दाखवले तरी चालते. जप्त केले तर पोच द्यावीच लागते. चाबी काढून घेण्याचा अधिकार कायद्यात कुठेही दिलेला नाही. मोबाइलवर चित्रण करणारी पोरे तमाशा करतात, असेही म्हणतात. काही करतात, हे खरे. पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, जे आपलेही खंडपीठ आहे, २०२२ मध्ये पोलीस ठाण्यातले चित्रण शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नाही असे म्हटले. मग भर चौकातल्या चित्रणाला घाबरायचे कशाला?

जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आमच्या मागण्या अशा. चौकात दंड करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर चालू कॅमेरा असावा आणि त्याची नोंद चलान निकाली निघेपर्यंत जपावी. खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये. राज्याच्या वाहतूक पोलिसांनी २०२५ मध्ये तसा आदेश काढलाच आहे. १८४ लावल्यास कारण लेखी द्यावे. प्रत्येक सिग्नलवर पिवळ्या दिव्याचे सेकंद लिहावेत, आणि दिवा बिघडलेला असेल त्या दिवशी तिथे सिग्नलचा दंड करू नये. कलम १३२ चा गुन्हा नोंदवला तर चौकातले चित्रण त्याच दिवशी ताब्यात घ्यावे आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप नको, या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाप्रमाणे आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी. राज्य शासनाकडे मागणी वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग निकालात २००६ सालीच प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्यात ते विभागापुरतेच ठेवले. रिसोड किंवा मानोऱ्याच्या माणसाने पाचशे रुपयांच्या तक्रारीसाठी अमरावतीला जावे, ही अपेक्षा कोणी प्रामाणिकपणे करूच शकत नाही. प्राधिकरणाचे कामकाज महिन्यातून एकदा वाशिमला व्हावे आणि तक्रार तहसील कार्यालयात स्वीकारली जावी.