अपेंडिक्सची गाठ : लगेच ऑपरेशन का नाही?

अपेंडिक्स सुजले की काढून टाकायचे, एवढे सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच डॉक्टर ‘गाठ झाली आहे, थांबू या’ म्हणाले की घरचे गोंधळतात. दुखण्याला तीन-चार दिवस झाले की आतडी सुजलेल्या अपेंडिक्सभोवती चिकटून गाठ बनते. ती घाईने सोडवताना आतड्याला इजा होऊ शकते. म्हणून दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक देतात. पू साठला असल्यास सोनोग्राफीत पाहून नळीने काढतात.

१९०२ साली राज्याभिषेक दोन दिवसांवर असताना इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्यावर याच दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. सर्जन फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी पू काढला, अपेंडिक्स तसेच ठेवले. ऑगस्टमध्ये राजा मुकुट घालून उभा होता. आणि तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच!

मात्र अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला तर ताबडतोब ऑपरेशन हवे. फुटल्यावर दुखणे थोडा वेळ कमी होते आणि घरात सगळ्यांना हायसे वाटते. नंतर ताप चढतो, पोट फळीसारखे कडक होते. अशा पोटदुखीत नानींनी एरंडेल पुढे केले तरी देऊ नका.

गाठ विरल्यावर अपेंडिक्स काढायचे का, हे सहा ते आठ आठवड्यांनी ठरते. चाळिशीपुढच्यांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणीही करून घ्यावी.