अपूचा आवाज कुणाचा?

‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकी कार्टून मालिका १९८९पासून चालू आहे आणि ती डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकते, अशी तक्रार वरचेवर होते. तीत तथ्य आहे. मालिकेत रिपब्लिकन पक्षाचं कार्यालय चक्क भुताटकीच्या किल्ल्यात आहे. पण लाचखाऊ, बाहेरख्याली महापौर क्विम्बी डेमोक्रॅटच. १९९६च्या एका भागात अस्वलांच्या बंदोबस्तासाठी बसवलेल्या करावरून लोक खवळतात, तेव्हा क्विम्बी सगळं खापर बेकायदा स्थलांतरितांवर फोडतो आणि त्यांना हाकलण्याचा प्रस्ताव मतदानाला टाकतो. कॅलिफोर्नियात स्थलांतरितांविरुद्धचा खराखुरा प्रस्ताव १९९४ साली मंजूर झाला होता. आपल्यासारख्या स्थलांतरितांची बाजू इतक्या स्पष्टपणे घेणारा विनोद तेव्हा टीव्हीवर क्वचितच दिसे.

विडंबन एकांगी असणं मुळात दोष नव्हे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. शाहू महाराजांच्या पाठबळावर १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. या चळवळीचे जलसे तमाशाचा बाज घेऊन गावोगाव फिरले. वगात भटजी आणि सावकार कुणब्याला कसे नाडतात ते दाखवत. भटजीची बाजू मांडायला फडात कुणी नसे, आणि त्याची गरजही नव्हती. पोथी, शाळा, कचेरी सगळीकडे तीच बाजू ऐकू येत होती. शिवाय जलसेकरी बहुतेक बहुजन समाजातलेच, त्यामुळे कुणब्याचं सोंग आणणाऱ्याला त्याचं दुःख दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागत नसे.

‘सिम्प्सन्स’ उणी पडते ती इथे. त्याच १९९६च्या भागात हद्दपारीच्या भीतीने हादरलेला दुकानदार अपू भारतीय, पण त्याला आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा, ओढूनताणून आणलेल्या ‘भारतीय’ हेलासकट. हरी कोंडाबोलूच्या २०१७च्या माहितीपटात भारतीय वंशाचे कलाकार सांगतात की लहानपणी त्यांना अपूच्या नावाने चिडवलं जायचं. यावर मालिकेचे समर्थक म्हणतात, विली हा स्कॉटिश आणि टोनी हा इटालियनही तिथे हास्यास्पदच आहेत. खरं आहे, पण स्कॉटिश आणि इटालियन माणसं अमेरिकी पडद्यावर इतर शेकडो रूपांत दिसत होती. तिथल्या आपल्या मुलांसाठी कित्येक वर्षं जवळपास अपूच तेवढा होता. अपू कष्टाळू, प्रेमळ आणि डॉक्टरेट मिळवलेला आहे, हा बचावही अपुरा आहे, कारण हसू त्याच्या विद्वत्तेवर येत नव्हतं, हेलावर येत होतं. २०१८ साली मालिकेने ही टीका सिम्प्सन कुटुंबातल्या लिसाच्या तोंडून दोन वाक्यांत झटकून टाकली. २०२०मध्ये अझारियाने अपूचा आवाज सोडला आणि अपू मुका झाला. त्याला गप्प बसवून काहीच भरून निघत नाही. भारतीय वंशाच्या लेखकांनी त्याचे संवाद लिहावेत, भारतीय वंशाच्या नटाने ते बोलावेत आणि अपूने क्विम्बीचीच नव्हे, खुद्द सिम्प्सन कुटुंबाचीही टर उडवावी.