पडदा लावण्याआधी समोरची माणसं पाहा

प्रति,
पाळक, पंच कमिटी व तरुण संघ,
वाशिम जिल्ह्यातील मराठी मंडळ्या



नाताळ जवळ आला की प्रोजेक्टर कुठून आणायचा याची चर्चा होते. त्यावर काय दाखवायचं, हे मात्र बहुतेक वेळा उपासनेच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी मोबाइलवर ठरतं. प्रोजेक्टरला माझा विरोध नाही, या घाईला आहे.

आपल्या भागातल्या उपासनेत वऱ्हाडी बोलणाऱ्या आज्या असतात, घरी गोरमाटी बोलणारी बंजारा कुटुंबं असतात, इंग्रजी माध्यमातली मुलं असतात. नाताळला हिंदू, बौद्ध, मुस्लिम शेजारी अगत्यानं येतात. यांच्यापुढे भराभर पळणारा इंग्रजी व्हिडिओ लावला, तर तो नेमका कोणासाठी?

आपल्या पूर्वसूरींनी ऐकणाऱ्याचा विचार आधी केला होता. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्रज. पण 1616 साली गोव्यात छापलेलं त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यांनी तोच घाट निवडला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती संदेशासाठी भजन-कीर्तनाचा उपयोग केला. कीर्तन समजायला अक्षरओळख लागत नाही आणि शेजाऱ्यालाही ते परकं वाटत नाही.

चित्रपटाचंही तसंच. ‘दयासागर’ हा येशूच्या जीवनावरचा मूळ तेलुगू चित्रपट 1978 चा. तो गावोगाव उघड्या मैदानात दाखवला गेला. तिथे लोक चित्रपट पाहायलाच येत. त्यातली दहा मिनिटं कापून प्रवचनात घातली, तर ना चित्रपट धड होतो ना प्रवचन.

म्हणून काही विनंत्या:

1. जे दाखवायचं ते आधी पूर्ण पाहा. पाहताना एक वयस्क सभासद आणि एक संडे स्कूलची शिक्षिका सोबत असू द्या.

2. उत्तम शुक्रवारी फटक्यांची, रक्ताची दृश्यं दाखवणार असाल, तर लहान मुलांची वेगळी सोय करा.

3. दुसऱ्याच्या देवाची, चालीरीतीची टिंगल असलेली एकही चित्रफीत लावू नका. आलेला शेजारी आपला पाहुणा आहे.

4. गीताचे शब्द ठळक देवनागरीत दाखवा. तरीही एकानं ओळ सांगावी, मंडळीनं मागून म्हणावी. वाचता न येणाऱ्याला आणि डोळे अधू झालेल्यालाही गाता आलं पाहिजे.

5. लाइट गेली तरी उपासना अडू नये. पेटी, ढोलकी आणि पाठ असलेली गीतं तयार ठेवा.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. निवड करणाऱ्यांत तरुण असावेतच, पण अक्षरओळख नसलेली एक तरी सभासद त्यांच्या शेजारी बसवा. तिला जे समजलं नाही, ते पडद्यावर लावू नका.

आपला,
एक सभासद
धनज, जि. वाशिम