समुद्र नुसत्या उन्हानं पिकत नाही

मंडळी, आपल्याच घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. समुद्र तापला की शेवाळ वाढणार, शेवाळ वाढलं की मासळी वाढणार, तेव्हा तापमानवाढ कोळ्यांच्या फायद्याचीच म्हणे!

ऊन लागतंच, पण ऊन म्हणजे खत नव्हे. अरबी समुद्रच घ्या. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, पाणी गरम, तरी पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ बेताचंच. गरम पाणी हलकं असल्यामुळे सायीसारखं वर राहतं आणि नायट्रेटचं खत खालीच अडकतं. (ट्रायकोडेस्मियम अपवाद. हवेतून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन तो स्वतःच वापरतो, म्हणून गोव्याच्या समुद्रावर उन्हाळ्यात त्याचे तवंग दिसतात.)

मोठा बहर येतो पावसाळ्यात, आभाळ भरलेलं असताना, कारण नैर्ऋत्येचे वारे खालचं गार पाणी वर काढतात. दुसरा येतो हिवाळ्यात. उत्तरेकडच्या भागात ईशान्येचे कोरडे, गार वारे सुटले की वरचं पाणी थंड, जड होऊन बुडतं आणि खालचं खत वर येतं. ऊन उन्हाळ्यापेक्षा कमी, तरी पुरेसं!

आता मासळी. २००० नंतर ओमानच्या बाजूला हिवाळी बहरात डायटमची जागा हिरव्या नॉक्टिल्युकाने घेतली. कारणांबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. पण बहर दांडगा असूनही त्यावर पोसतात ते मुख्यतः साल्प आणि जेलीफिश.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कुणी साल्पचं कालवण केलं असेल, तर कृती जरूर कळवावी.