शेवटची शिट्टी

आम्ही एफसी गोवाचे चाहते. २४ एप्रिल २०२४ ची रात्र आम्ही विसरलेलो नाही. फातोर्ड्यात उपांत्य फेरीचा पहिला सामना. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा दोन गोलांनी पुढे. घरात पोरे नाचू लागली होती. तोच मुंबई सिटीने लागोपाठ तीन गोल केले. परतीचा सामनाही गोवा ०-२ असा हरला.

२०२५ मध्ये साखळीत दुसरा क्रमांक मिळाला. उपांत्य फेरीत बंगळूरूला दोन गोलांनी हार झाली. ६ एप्रिलला फातोर्ड्यात गोव्याने ८८ व्या मिनिटाला ती पिछाडी भरून काढली. पण जादा मिनिटांत चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीने डोक्याने गोल केला आणि सारे संपले.

धाकट्याने रडवेल्या आवाजात विचारले, "आपण नेहमी हरणाऱ्यांच्याच बाजूने का?"

आम्ही म्हणालो, "बाळा, २०२० मध्ये हाच संघ साखळीत पहिला आला होता. तेव्हाही उपांत्य फेरीत हरला. पण आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब तोच. महिनोन् महिन्यांची मेहनत दोन रात्रींत खोटी ठरत नाही. मात्र बाद फेरीत मागचे गुण कोणी मोजत नाही. तिथे शेवटच्या शिट्टीपर्यंत जागे राहावे लागते. नशिबाला बोल लावून भागत नाही."

३ मे २०२५ ला गोव्याने जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप जिंकला. धाकटा शिट्टी वाजेपर्यंत जागचा हलला नाही. मग मात्र मनसोक्त नाचला.